शिकागोत, सहा फूट जाडीच्या भिंतीपाशी

भाचीकडे नेपरव्हिलला पंधरा दिवस राहायला गेले होते. शिकागोला जाऊन आलेला प्रत्येक जण विलिस टॉवरच्या एकशे तिसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या सज्ज्यात उभं राहून काढलेला फोटो दाखवतो. मला मात्र मोनॅडनॉक नावाची एक जुनी सोळा मजली इमारत बघायची होती, तीही खाली जमिनीवर उभं राहून, भिंतीला हात लावून. भाचीने एक दिवस रजा घेतली आणि सकाळच्या लोकलने आम्ही युनियन स्टेशनला उतरलो.

नदी ओलांडली की जॅक्सन रस्त्यावर विलिस टॉवर येतो. जुनी माणसं अजूनही त्याला सिअर्स टॉवरच म्हणतात. त्याच्या कोपऱ्यावर रस्त्याच्या नावाची आणखी एक पाटी आहे : फझलूर खान. ढाक्याला जन्मलेल्या या अभियंत्याने नऊ चौकोनी नळ्यांची मोळी बांधावी तशी एकशे दहा मजल्यांची रचना कल्पिली, म्हणून तो टॉवर वाऱ्याला पुरून उरतो. आपल्या उपखंडातल्या माणसाचं नाव त्या गर्दीच्या रस्त्यावर वाचताना ऊर भरून आला.

पण माझी ओढ पुढे होती.

१८७१च्या ऑक्टोबरात शिकागो जळालं. दोन दिवसांत सुमारे सतरा हजार इमारती गेल्या, लाखभर माणसं बेघर झाली. त्या राखेवर शहर पुन्हा उभं करायला जे तरुण आले, त्यांच्यापुढे एक मोठी अडचण होती ती जमिनीची. तळ्याकाठची मऊ चिकणमाती आणि कठीण खडक खूप खोलवर. उंच बांधायचं तर इमारत रुतणार. त्यांतल्या जॉन रूट या वास्तुरचनाकाराने त्यावर तोड काढली. लोखंडी रूळ एकावर एक आडवे-उभे रचायचे, काँक्रीटमध्ये गाडायचे आणि त्या तराफ्यावर इमारत ठेवायची. दलदलीत चालताना आपण फळी टाकतो, तसंच.

आधी रूटचीच रुकरी ही १८८८ची इमारत पाहिली. तिच्या जागी पूर्वी पालिकेची तात्पुरती कचेरी होती आणि तिथे पाखरांचा इतका सुळसुळाट होता, की लोकांनी तिला 'रुकरी', म्हणजे कावळ्यांची वस्ती, असं नाव पाडलं. रूटने प्रवेशद्वारावरच दगडात पक्षी कोरून टाकले! आतला चौक काचेच्या छपराखाली उजळलेला असतो. तिथला पांढरा संगमरवर आणि त्यावरची सोनेरी नक्षी १९०५ नंतर फ्रँक लॉइड राइटने केली. सुंदर आहे, फोटोही तिथे सगळ्यात जास्त निघतात. मी दहा मिनिटांत बाहेर पडले.

आणि मग रूटचीच मोनॅडनॉक.

लांबून पाहिली तर अगदी साधी. जांभळट तपकिरी विटांचा उंचच उंच ठोकळा. कमान नाही, खांब नाही, पानाफुलांची नक्षी तर नाहीच. पैसा घालणारे बॉस्टनचे ब्रुक्स बंधू होते आणि त्यांनी बजावलं होतं, की भिंतीबाहेर काहीही येता कामा नये. त्यावर धूळ बसते, आणि मजबुती तर काही वाढत नाही. रूट आधी चिडला होता, असं सांगतात. एवढा हौशी, संगीतात रमणारा माणूस, चिडणारच. पण नंतर त्या अटीतच त्याला गोडी सापडली. काहीच लावायचं नसेल तर भिंतीलाच आकार देऊ, असं त्याने ठरवलं.

तो आकार जवळ गेल्याशिवाय कळत नाही. मी कोपऱ्यात मान वर करून उभी राहिले. तळाशी भिंत पायघोळ वस्त्रासारखी किंचित पसरलेली आहे, पहिल्या मजल्याच्या वर हळूच आत वळते, मग सरळ आभाळाकडे जाते आणि माथ्यावर पुन्हा अलगद बाहेर झुकते. इमारतीचा कोपराही वर जाता जाता गोलवा घेत जातो. या सगळ्या वळणांसाठी निराळ्या घडणीच्या विटा मुद्दाम पाडून घेतल्या होत्या. तासून बसवलेली वीट लगेच कळते. इथली प्रत्येक वीट आपल्या जागेसाठीच जन्मल्यासारखी बसली आहे.

तळाशी या भिंतीची जाडी सहा फूट. सोळा मजल्यांचा भार पेलणारी ही भिंतच. खिडकीच्या कडेला उभं राहून मी आत हात घातला, तर खांद्यापर्यंत गेला तरी भिंत संपेना. वाईला माझ्या आजोळच्या वाड्यात अशा जाड भिंती होत्या. खिडकीत मांडी घालून बसता यायचं, कोनाड्यात दिवा आणि शेजारी आजीची पोथी. विटेचा तो उन्हातही थंड लागणारा स्पर्श मला इतक्या दूर पुन्हा मिळाला आणि मी बराच वेळ हात काढलाच नाही. भाची काही न बोलता शेजारी उभी राहिली.

इमारत आठ इंच खचेल असा हिशेब होता, ती वीस इंच खचली. म्हणून एका दारातून आत जाताना रस्त्यावरून पायरी उतरावी लागते. आत लांबलचक बोळ, टोप्यांचं दुकान, न्हाव्याचं दुकान, आणि ॲल्युमिनिअमचा जिना! तेव्हा हा धातू इतका नवा होता, की इमारतीत तो वापरल्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण मानतात. कठड्याची जाळी बोटांनी चाचपून पाहिली. सव्वाशेहून जास्त वर्षांचे हात फिरून ती गुळगुळीत झाली आहे.

रूटने ही इमारत पूर्ण झालेली पाहिली नाही. १८९१च्या जानेवारीत न्यूमोनियाने तो गेला, वय अवघं एकेचाळीस. आणि दोनच वर्षांनी शेजारी जोडलेला दक्षिणेकडचा भाग होलाबर्ड आणि रोश यांनी पोलादी सांगाड्यावर उभारला. तिथे भिंतीला भार उचलायचं कामच उरलं नाही. रस्त्यापलीकडून दोन्ही भाग एका नजरेत दिसतात. विटेने जिथवर जाता येईल तिथवर रूट गेला आणि लगेच शेजारून पोलादाचं युग सुरू झालं. एकाच इमारतीत एवढा इतिहास मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

दुपारी आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये गेलो. ११ सप्टेंबर १८९३ला विवेकानंद बोलले ती हीच वास्तू, त्यामुळे पायऱ्या चढताना पाय आपोआप हळू पडले. आत मला पाहायचं होतं ते शेअरबाजाराचं दालन. लुई सुलिव्हन आणि डँकमार ॲडलर यांनी १८९४मध्ये बांधलेली शेअरबाजाराची इमारत १९७२मध्ये पाडली. रिचर्ड निकेल नावाचा छायाचित्रकार वर्षानुवर्षं सुलिव्हनच्या इमारती टिपत होता. वाचवता येईल तेवढं वाचवावं म्हणून पडत्या इमारतींमधून नक्षीचे तुकडे काढून आणायचा. त्या एप्रिलमध्ये याच इमारतीत ढिगाऱ्याखाली सापडून तो गेला. त्रेचाळीस वर्षांचा होता. दालन मात्र संग्रहालयात पुन्हा उभारलं गेलं. छतातली रंगीत काच, भिंतींवर एकात एक गुंतलेली पानं, हिरवा, तांबूस, सोनेरी असे किती रंग! मी बाकावर बसले आणि चक्क रडले.

दुसऱ्या दिवशी उत्तरेला ग्रेसलँड दफनभूमीत गेलो. शहराचे बहुतेक मोठे वास्तुरचनाकार इथेच विसावले आहेत. रूट इथे आहे, त्याचा भागीदार बर्नहॅम तळ्यातल्या बेटावर आहे, फझलूर खानही इथेच. सुलिव्हनने १८९०मध्ये गेटी कुटुंबासाठी बांधलेली छोटीशी समाधी पाहताना पाय निघेना. खालचा चुनखडी दगड अगदी कोरा, वर अष्टकोनांची नक्षी आणि मधोमध हिरवट पडलेलं ब्राँझचं दार. त्यावरची वेलबुट्टी एखाद्या शेल्याच्या काठाइतकी नाजूक.

एवढा मोठा कलावंत शेवटी एका हॉटेलच्या खोलीत कफल्लक अवस्थेत वारला, १९२४मध्ये. कामं बंद झाली होती, सामानाचा लिलाव झाला होता. त्याच्या इथल्या कबरीवर दगड बसला तो पाच वर्षांनी. दगडावर ब्राँझमध्ये त्याचा चेहरा, भोवती त्याच्याच घडणीची नक्षी, आणि बाजूंना वर चढत जाणाऱ्या उंच इमारतींच्या रेषा कोरल्या आहेत.

जवळच निकेललाही ठेवलं आहे. भाचीने डब्याबरोबर आणलेली शेवंतीची दोन फुलं होती, ती आम्ही दोघांना एकेक वाहिली. वारा जोराचा होता, म्हणून त्यांच्यावर लहानसा खडा ठेवला.