दार नव्हे, दगड हलला होता

तक्रार एका ओळीची होती : पावसाळ्यात चर्चचं दार फुगतं, रंधा मारून द्या.

मी पोचलो तेव्हा आधी दिसला तो उजव्या झडपेने फरशीवर ओढलेला पांढरा ओरखडा. ओकची झडप, 3.2 मीटर उंच, 1.1 मीटर रुंद, 65 मिमी जाड. लोखंडी पट्ट्यांसकट वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास. फुगलेलं दार असं घासत नाही. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे फुगलं असतं तर मिटणारी कड वरपासून खालपर्यंत घासली असती. इथे खालचा मोकळा कोपरा आणि कडेची वरची वीतभर, एवढंच चकाकत होतं.

ओळंबा सोडला. बिजागरीच्या बाजूची फट खाली 3 मिमी, वर 9. दोन बिजागऱ्यांमध्ये 2.4 मीटर अंतर. वरची बिजागरी 6 मिमी बाहेर आली की एवढ्या रुंदीच्या झडपेचा मोकळा कोपरा जवळपास 3 मिमी खाली उतरतो. हिशेब जुळला. बॅटरी दगडाला आडवी धरली तर वरच्या खुंट्यापासून, म्हणजे बिजागरी ज्यावर टांगतात त्या दगडात रोवलेल्या लोखंडी खिट्टीपासून, निघालेली केसासारखी चीर दिसली, तिच्यातून गंजाचा ओघळ. खुंटा शिसं ओतून बसवलेला होता. कडेने पाणी शिरलं. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि दगड आतून फोडतो.

झडप उचलूनच काढायची होती, पण दाराचा माथा कमानीचा. मिटलेल्या स्थितीत वर सरकायला जागाच नसते. आधी 90 अंशांत उघडली, खाली दोन जॅक आणि फळ्या दिल्या, मग चौघांनी खुंट्याच्या लांबीएवढी सावकाश वर घेतली. खिळ्यांभोवतीचे काळे डाग बघून एकाने लाकूड कुजलंय म्हटलं. ओकमधलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की असा रंग येतोच. टोच्या आत गेला नाही, लाकूड खणखणीत होतं. वेस्टमिन्स्टर ॲबीतलं ओकचं एक दार 1050च्या दशकातलं आहे आणि अजून टिकून आहे. असं लाकूड रंध्याने उगाच खरवडलेलं बघितलं की जीव तुटतो.

जुना खुंटा हातोडीने हलवला असता तर दगडाचा टवकाच निघाला असता. म्हणून भोवती बारीक भोकं पाडून तो मोकळा केला. नवा खुंटा स्टेनलेस स्टीलचा, 25 मिमी जाडीचा, 150 मिमी आत. भोकात ओल होती. तिथे वितळलेलं शिसं ओतलं तर वाफ होऊन ते उसळतं आणि अंगावर येतं. भोक वाळवून इपॉक्सी भरलं, चीरही त्यानेच सांधली आणि 24 तास वजन दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी झडप सरळ बसली तेव्हा आधी कुणीतरी मारलेल्या रंध्याचं काम उघडं पडलं : मिटणाऱ्या कडेच्या वरच्या टोकाला 5 मिमीची फट. कड सरळ करून तिथे उभ्या रेषांची ओकची पट्टी चिकटवावी लागली.

घरांच्या दिल्हेदार दारांतही घाईचा असाच घोळ होतो. दिल्हा, म्हणजे दाराच्या चौकटीत बसवलेली मधली फळी, खाचेत सुटा हवा. 300 मिमी रुंदीचा दिल्हा ऋतूबरोबर 2 ते 4 मिमी हलतो. खाचेत गोंद किंवा लांबी (पुट्टी) भरली की तो मधोमध तडकतो.

निघताना चौकटीच्या आतल्या बाजूला, वर आणि खाली, फटीची मापं पेन्सिलने लिहिली : 3 आणि 3.