पॉलिशचे यंत्र निवडताना वजनकाटा जवळ ठेवावा

घासणे आणि पॉलिश करणे ही मुळात एकाच कामाची दोन टोके आहेत. कानशीपासून पॉलिशची लाल वडी लावलेल्या मलमलीच्या बफापर्यंत, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या कापडी चाकापर्यंत, प्रत्येक टप्प्यावर दागिन्याचा धातू थोडा थोडा निघत असतो. ओरखडे बारीक होत जातात आणि शेवटी डोळ्यांना दिसेनासे होतात, इतकेच. म्हणून चांदीकाम नव्याने सुरू करणाऱ्या मैत्रिणी जेव्हा मला ‘किती हॉर्सपॉवरची मोटर घ्यावी’ असे विचारतात, तेव्हा मी त्यांना आधी दोन गोष्टींचा विचार करायला सांगते: त्या यंत्रावर तुमच्या दागिन्याचे वजन किती घटणार आहे, आणि घटलेला धातू कुठे जाऊन पडणार आहे? यंत्राची निवड याच दोन प्रश्नांवरून व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

धातू किती वेगाने निघतो, हे हॉर्सपॉवरपेक्षा बफाच्या कडेच्या वेगावर अधिक ठरते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे दोन पोलची (चुंबकीय ध्रुवांची) साधी मोटर मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेते आणि चार पोलची सुमारे १४००. १५० मिलिमीटर व्यासाचा बफ २८०० फेऱ्यांवर चालला, तर त्याची कड मिनिटाला जवळपास १३०० मीटर धावते. त्याच मोटरवर १०० मिलिमीटरचा बफ लावला की हा वेग ८८० मीटरच्या आसपास येतो. पाटल्या, तोडे यांसारख्या भरीव कामाला मोठा बफ चालतो, मात्र पाटलीची सपाट बाजू आणि तिची धार राखायची असेल, तर मऊ कापडी बफाऐवजी फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, कडक बफ हवा. ठुशीचे मणी, बुगडीवरचे रवे किंवा बारीक तारकाम मोठ्या बफाखाली धरले, तर कारागिराने खपून उठवलेला उठाव क्षणात बोथट होतो. म्हणून वेग कमी-जास्त करता येणारी मोटर थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी, आणि ते जमत नसेल तर निदान लहान बफ वापरावेत.

पुष्कळांना जोरदार मोटर हवीशी वाटते, त्याचे कारण अनेकदा झाळकामात, म्हणजे धातू तापवून सांधे जोडण्याच्या कामात असते. ९२५ चांदीत साडेसात टक्के दुसरा धातू असतो, तो बहुधा तांबे. चांदी उघड्या ज्योतीवर तापवली की ऑक्सिजन आत शिरतो, पृष्ठभागाखालच्या तांब्याचे ऑक्साइड होते आणि करडे डाग पडतात. हे डाग बफाने काढायचे म्हणजे वरचा सगळा थर खरवडून टाकावा लागतो. तापवण्यापूर्वी बोरिक पावडरचा लेप दिला आणि ज्योत बेताची ठेवली, तर डाग पुष्कळ कमी पडतात आणि मोठ्या मोटरची गरजही तितकीच कमी होते.

लहान कार्यशाळेने सर्वांत आधी घ्यावे ते टांगती मोटर, लवचीक शाफ्ट आणि पायाचा पेडल असलेले यंत्र. पेडलवरचा पाय जरा सैल केला की वेग उतरतो, त्यामुळे कोंदणाच्या कडेशी, फाशाच्या आत किंवा नथीच्या वळणावर हात सावधपणे चालतो. हँडपीस, म्हणजे हत्यार पकडणारा हातातला भाग, घेताना मात्र नीट पाहावे. ३० नंबरचा हँडपीस हत्यारांचे चार मिलिमीटरपर्यंतचे दांडे पकडतो, पण प्रत्येक वेळी चावी लावावी लागते, २.३५ मिलिमीटर दांड्याची हत्यारे सतत बदलायची असतील, तर खटका दाबून उघडणारा हँडपीस वेळ वाचवतो. मायक्रोमोटर, म्हणजे हँडपीसमध्येच मोटर असलेले यंत्र, मिनिटाला तीस हजार फेऱ्यांच्याही पुढे जातो आणि हाताला हलका लागतो, परंतु कमी वेगावर त्याचा जोर कमी पडतो. रबरी चाकांनी घासायचे, एमरी कागदाची गुंडाळी फिरवायची, तर शाफ्टचेच यंत्र बरे. तसेच एमरी कागदाचा कोणताही टप्पा गाळू नये. ४०० नंबरच्या कागदाचा ओरखडा राहिला असताना थेट बफाकडे गेले, तर तो ओरखडा चकचकीत होऊन तिथेच राहतो.

ग्राइंडरचे दगडी चाक फक्त हत्यारांसाठी असावे. सोने, चांदी, तांबे असे मऊ धातू त्यावर घासले की दगडाची छिद्रे बुजतात, चाक तापते आणि फुटण्याचा धोका वाढतो. नवे चाक बसवण्यापूर्वी ते टांगून हत्याराच्या लाकडी मुठीने हलके ठोकून पाहावे. अखंड चाक खणखणीत वाजते, तडा गेलेले बद्द वाजते. चाकावर छापलेली फेऱ्यांची मर्यादा मोटरच्या वेगापेक्षा जास्त असलीच पाहिजे.

धातू न काढता चमक आणणारी एक वेगळी वाटही आहे, आणि ती पुणेकरांना अपरिचित नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम (भांड्यावर हातोडीचे ठोके उठवण्याचे काम) चालू असताना जवळून पाहावे: हातोडीचे तोंड आरशासारखे घोटलेले असते, आणि तिचा प्रत्येक ठोका तांब्यावर एक लहानसा चकाकता खळगा उठवून जातो. तिथे तांबे दाबले जाते, कठीण होते आणि उजळते. वजन जिथल्या तिथे राहते. स्टेनलेस स्टीलचे छर्रे घातलेला टंबलर, म्हणजे मोटरवर फिरणारा डबा, दागिन्यावर हेच काम करतो. पाणी, थोडा साबण आणि छर्रे यांच्यात चांदीचे दागिने दीड-दोन तास फिरले की उजळून निघतात आणि मऊ तारही जरा ताठ होते. चुंबकीय टंबलरमधल्या बारीक सुया खाचाखोचांत पोचतात, पण सपाट भागावर छर्ऱ्यांइतकी आरशासारखी चमक आणत नाहीत. टंबलर ओरखडे काढत नाही, ते आधीच हाताने काढावे लागतात. मोती, लाखेचा भराव आणि कुंदनकाम त्यात मुळीच घालू नये. नथीचा सांगाडा आधी उजळावा, मोती मागाहून ओवावेत. एवढी पथ्ये पाळूनही मी बफाच्या आधी टंबलरच घ्यायला सांगेन, कारण छोट्या कार्यशाळेत घट वाचवणारे दुसरे यंत्र नाही.

आता धुळीविषयी. बफिंगची मोटर घ्यायची असेल, तर धूळ ओढणारा पंखा आणि गाळणी तिच्याबरोबरच, त्याच दिवशी घ्यावी. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य मला फार अस्वस्थ करते. ट्रिपोलीच्या, म्हणजे बफाला लावायच्या घासणाऱ्या वडीत सिलिका असते. तिची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर फुफ्फुसे कायमची निकामी होऊ शकतात. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर ही धूळ पुन्हा खोलीत सोडतो, आणि पेठेतल्या दहा बाय दहाच्या खोलीत ती दिवसभर तरंगत राहते. एन-९५ मास्क लावावाच, पण त्याच्या भरवशावर गाळणी टाळू नये. शिवाय गाळणीत अडकतो तो आपलाच धातू असतो. सोनाराच्या दुकानाचा केर विकत घेऊन त्यातले सोने काढणारे झारेकरी यावरच पोट भरत आले आहेत. सोन्याचे आणि चांदीचे बफ वेगळे, पिशव्या वेगळ्या, आणि प्रत्येक वडीसाठीही बफ वेगळा ठेवावा.

सोन्याचे काम करणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून अक्षरे आणि अंक मिळून सहा चिन्हांच्या एचयूआयडीशिवाय (दागिन्याच्या ओळख क्रमांकाशिवाय) हॉलमार्कचे, म्हणजे शुद्धतेची खूण असलेले, सोन्याचे दागिने विकता येत नाहीत. ही लेझरची खूण उथळ असते. जोरदार बफाखाली ती पुसट होते, म्हणून खुणेच्या जागी हाताने कापडच फिरवावे.

खरेदीला जाताना स्वतःचा एखादा अर्धवट दागिना आणि मिलिग्रॅम दाखवणारा काटा बरोबर न्यावा. आधी वजन करावे, दुकानातल्या यंत्रावर दागिना उजळून घ्यावा, रिठ्याच्या पाण्याने धुऊन, वाळवून पुन्हा वजन करावे. चांगले दुकानदार याला हरकत घेत नाहीत. मोटर चालू असताना स्पिंडलचे (बफ बसवायच्या दांड्याचे) टोक डुलते का ते पाहावे, डाव्या बाजूच्या टोकाचा आटा उलटा आहे ना ते तपासावे, आणि शाफ्टची आतली केबल व मोटरचे कार्बन ब्रश पुण्यातच सुटे मिळतील का, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे.