तिसरा विषय

अंबाजोगाई, १२ ऑगस्ट, मंगळवार

कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे तीन विषय निवडायचेत. इतिहास आणि मराठी प्रवेशाच्या दिवशीच ठरले. तिसरा विषय अडलाय. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र यांचे तास एकाच वेळी आहेत, त्यामुळं दोन्ही घेता येत नाहीत. विषय बदलायची मुदत या आठवड्यात संपतेय, म्हणून कधी या वर्गात, कधी त्या वर्गात जाऊन बसतेय.

सल्ले भरपूर मिळाले. चुलतभाऊ संभाजीनगरला अभ्यासिकेत असतो. तो म्हणतो, स्पर्धा परीक्षेला समाजशास्त्र बरं, मार्क पडतात. शेजारच्या खोलीतली म्हणते, अर्थशास्त्रात आलेख असतात, जमणार असेल तरच जा. मला यातलं काहीच पटत नाही. पहिल्या वर्षी विषयाची नुसती ओळख होते. तेवढ्यासाठी आपल्या मनातला प्रश्न कुठल्या वर्गात विचारता येईल, हेच आधी पाहायला हवं. आणि माझा प्रश्न मी घरून घेऊन आलेय.

दसरा झाला की माय आणि अण्णा साखर कारखान्याला ऊस तोडायला जातात. त्याआधी मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले असतात. उचल कोयत्यावर मिळते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. पहाटे अंधारात दोघं फडात उतरतात. अण्णा तोडतात, माय पाचट म्हणजे वाळका पाला काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरपर्यंत नेते आणि फळीवरून वर चढवते. दिवसाकाठी दीड-दोन टन होतो. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्याला विकून वरखर्चाचे पैसे सुटतात. आजारपणानं दिवस बुडला की खाडा, म्हणजे दंड, लागतो. हंगाम संपून पट्टा पडला की मुकादम वही उघडतो आणि सांगतो, इतके फिटले, इतके राहिले. राहिलेले पुढच्या उचलीत जातात. वहीत नाव एकट्या अण्णांचं.

उचल फिटत का नाही? आणि मायचं नाव त्या वहीत का नाही? माझे प्रश्न हे दोन. पहिला अर्थशास्त्राचा, दुसरा समाजशास्त्राचा, हे मला आता कळायला लागलंय.

आज समाजशास्त्राच्या मॅडमनी एमिल दुर्खीम घेतला. फ्रान्सचा हा अभ्यासक. आत्महत्येवरचं त्याचं पुस्तक १८९७ चं. माणसाचं इतकं खाजगी वाटणारं मरण त्यानं आकड्यांत मांडून पाहिलं. एकेका समाजातलं आत्महत्यांचं प्रमाण वर्षानुवर्षं फारसं बदलत नाही. लग्न झालेल्यांत आणि एकट्यांत, कॅथलिकांत आणि प्रोटेस्टंटांत ते वेगळं दिसतं. म्हणजे त्या एका माणसाच्या मनाबाहेरही कारणं असतात. तो कुणाशी किती बांधलेला आहे, त्याच्याभोवतीची घडी कशी आहे, हे बघावं लागतं. वर्ग एकदम शांत होता. आमच्यातल्या कितीतरी जणींच्या गावात, भावकीत असं मरण झालेलं आहे. मयतीला जमलेली माणसं हळू आवाजात म्हणतात, पीत होता, घरात पटत नव्हतं. एका माणसावर सगळं टाकून मोकळं होणं किती अपुरं आहे, हे शंभरावर वर्षांपूर्वी कुणीतरी पुराव्यानं दाखवून ठेवलंय. हे मला दहावीतच कुणी सांगायला हवं होतं, असं फार वाटलं.

तास संपल्यावर वाटलं, ठरलं. समाजशास्त्रच.

१४ ऑगस्ट, गुरुवार, रात्री

ठरलेलं बदललं.

काल अर्थशास्त्राच्या वर्गात सर मागणीचा नियम शिकवत होते, भाव वाढला की मागणी घटते तो. 'इतर परिस्थिती कायम असताना' हे वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि खाली रेघ ओढली. मी हात वर करून म्हणाले, सर, आमच्याकडं इतर परिस्थिती कधीच कायम नसते. सर खडू खाली ठेवून नीट उत्तर द्यायला लागले. म्हणाले, खरंय. पण एका वेळी एकच गोष्ट हलवून पाहिली, तरच कशामुळं काय झालं ते कळतं. ते मोजून झालं की दुसरी हलवायची.

खोलीवर येऊन मी वही घेऊन बसले. टनाचा भाव वाढला, बाकी सगळं तेवढंच राहिलं, तर उचल लवकर फिटली पाहिजे. आता पाऊस कमी धरला. ऊस कमी, पट्टा लवकर पडला, टनच भरले नाहीत; भाव वाढूनही बाकी राहिली. मग खाडा धरला. मग मायचं दुखणं. करता करता एक गोष्ट स्पष्ट दिसली. मजुरी टनावर ठरते आणि उचल आधीच अंगावर असते, म्हणून हंगाम बुडाला की तो तोटा तोडणाऱ्याच्या खात्यावर जातो. कर्ज आणि मजुरी एकाच माणसाकडं बांधलेली, त्यामुळं दुसरा मुकादम जास्त देतो म्हणाला तरी जाता येत नाही. अण्णा याला नशीब म्हणतात. मला त्यात एक करार दिसला, आणि करार बदलता येतो.

मायचं नाव वहीत का नाही, हा प्रश्न यानं सुटत नाही, हे मला कळतंय. पण त्या प्रश्नातलं मी बरंच जगलेय. आजीजवळ राहून शिकले, सोबतच्या मुली कोयता पुरा करायला म्हणून लग्न होऊन गेल्या, ते पाहिलं. मॅडम म्हणतात, माहीत आहे असं वाटतं तिथंच अभ्यास लागतो. त्यांचं बरोबर आहे. तरी हिशोब मांडणं आमच्या घरात कुणालाच येत नाही, ती उणीव मोठी आहे.

मराठवाड्याच्या अनुशेषाचंही, म्हणजे राहून गेलेल्या विकासाचंही, असंच झालं असणार. मागे पडलोय असं सगळेच म्हणायचे. १९८३ साली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिनं सिंचन, रस्ते अशी क्षेत्रवार राज्याच्या सरासरीशी तुलना करून १९८४ मध्ये अहवाल दिला. तेव्हापासून अनुशेषावर भांडायला आकडा हाताशी आला.

आणि एक विषय घेतला म्हणून दुसरा सुटतो असंही नाही. बाबासाहेब १९१३ ला कोलंबियात अर्थशास्त्र शिकायला गेले, तिथंच समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्रही शिकले. १९१६ ला जातींवरचा निबंध वाचला. १९१८ ला लहान शेतजमिनींवर लिहिलं आणि त्यात जमिनीवर पोट असलेल्या जास्तीच्या माणसांना उद्योगात काम मिळायला हवं, असं मांडलं. आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादला, १९५० मध्ये त्यांनी कॉलेजही उभं केलं.

अर्ज आज देऊन आले. मैत्रीण समाजशास्त्र घेतेय; रविवारी दोघी एकमेकींच्या वह्या उतरून घेणार.

संध्याकाळी मायला फोन केला. म्हणाली, "कामून गं, त्यात काय शिकवतेत?" सांगितलं. थोडं थांबून म्हणाली, "मंग मुकादमाच्या चिठ्ठ्या हायेत ट्रंकेत. टाकल्या न्हाईत म्या." मी म्हटलं, जपून ठेव. पुढच्या सुट्टीत गावाकडं गेले की त्या एकाखाली एक मांडून प्रत्येक पट्ट्याचे टन, भाव, खाडा आणि बाकी लिहून काढायचंय. वर माय आणि अण्णा, दोघांची नावं टाकून.