तुम्ही विचारलंत म्हणून: त्या मीटिंगांना मी का जायचे

"शेवटी त्यांनीच तुला बाहेर काढलं ना?"

लग्नात, मुंजीत, व्हिडिओ कॉलवर, कुठेही विषय अमेरिकेवर आला की कुणीतरी हे विचारतंच. विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. तिथे शिकत असताना मी ब्लॅक स्टुडंट युनियनच्या, म्हणजे काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या, मीटिंगांना जायचे आणि काही महिन्यांत जाणं बंद झालं, एवढं सगळ्यांना माहीत आहे. मधलं प्रत्येकाने आपापल्या मनाने भरलंय. कुणी म्हणतं, "ते लोक आपल्याला आपलं मानत नाहीत." कुणी म्हणतं, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायला गेली आणि हात पोळून घेतले." मी दरवेळी "तसं नाही हो" म्हणते आणि विषय बदलते. माझ्या त्या गप्प राहण्यामुळेच ही गोष्ट पक्की झाली, आणि ज्यांचा काही दोष नव्हता त्यांच्या नावावर चढली.

मला कुणीही बाहेर काढलं नाही. हे आधी वाचा, मग पुढचं.

"पण तुला तिथे येऊ कसं दिलं?" हाही प्रश्न असतोच. सरकारी विद्यापीठात नोंदलेली विद्यार्थी संघटना असली की ती सहसा सगळ्यांना खुली असते. दारात टेबलावर कागद असतो, त्यावर नाव लिहायचं आणि आत जायचं. मी गेले ती नोव्हेंबर २०१५ मध्ये. शेजारच्या राज्यात, मिझुरी विद्यापीठात, जोनाथन बटलर नावाचा विद्यार्थी वर्णद्वेषाच्या घटनांवरून उपोषणाला बसला होता. मग तिथल्या फुटबॉल संघातले काळे खेळाडू खेळायला नाही म्हणाले आणि दोन दिवसांत, ९ नोव्हेंबरला, विद्यापीठाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. त्या आठवड्यात आमच्याकडेही वातावरण तापलेलं होतं. मी तेव्हा संख्याशास्त्राच्या वर्गाची टीए, म्हणजे प्राध्यापकांची शिकवण्यातली मदतनीस, होते. एक पहिल्या वर्षाचा मुलगा बुधवारी लवकर जाऊ का म्हणून विचारायला आला. कशासाठी, तर मीटिंगसाठी. मी विचारलं, मी आले तर चालेल? तो म्हणाला, "बिनधास्त या, पिझ्झा असतो."

माझ्या जाण्यामागे काही उदात्त वगैरे होतं असं आज लिहिलं तर ते खोटं होईल. मी एकटी होते. मराठी मंडळ दोन तासांवर होतं. आणि आमच्या भारतीय विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर नव्या मुलांना पहिला सल्ला काय मिळायचा? अमुक रस्त्यापलीकडे घर घेऊ नका, तिकडे कल्लू राहतात. हा शब्द मीही वापरलेला आहे, चार जणांत हसत वापरलेला आहे. त्या बुधवारी माझ्या वर्गातला मुलगा समोर उभा राहून इतक्या साधेपणाने "या" म्हणाला, तेव्हा तो शब्द आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत काय चालायचं याच्या तुमच्या कल्पना मला माहीत आहेत. मुठी वळून घोषणा वगैरे. खरं म्हणजे पहिल्या मीटिंगमधला सगळ्यात लांबलेला विषय केस कापण्याचा होता. त्या गावात काळ्या मुलांचे केस नीट कापता येतील असा एकही न्हावी नव्हता, मुलींच्या वेण्या घालून देणारं कुणी नव्हतं. जवळचं दुकान सव्वा तासावर. मग शनिवारी कुणाची गाडी जाणार, पेट्रोलचे किती द्यायचे, कोण मागच्या वेळी पैसे न देता उतरलं, यावर पाऊण तास. मग मिझुरीच्या मुलांसाठी पत्र. मग परीक्षेआधीच्या अभ्यासरात्री. कुणाचं बोलणं पटलं की टाळ्या वाजवायच्या नाहीत, चुटक्या वाजवायच्या. बोलणाऱ्याचा आवाज बुडत नाही आणि दाद पोचते. चाळीस जणांच्या चुटक्यांचा आवाज पत्र्यावर पाऊस सुरू व्हावा तसा येतो. माझ्याकडे जुनी कोरोला होती. मी हात वर करून म्हटलं, एका शनिवारी मी नेईन. माझ्या वाट्याला पहिल्या चुटक्या आल्या त्या यासाठी, आणि त्या मात्र माझ्या हक्काच्या होत्या.

दुसऱ्या की तिसऱ्या मीटिंगला इतिहासाचा विषय निघाला. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात १९६६ साली पहिली ब्लॅक स्टुडंट युनियन झाली, तिने इतर वंशांच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९ असा जवळजवळ पाच महिने संप चालवला, आणि त्यातून तिथे वांशिक अभ्यासाचं स्वतंत्र महाविद्यालय उभं राहिलं. हे ऐकताना मला राहवलं नाही. मी म्हटलं, आमच्या महाराष्ट्रात यापेक्षा जुनी ओळख आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतली गुलामी संपवण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले, न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या हार्लेम वस्तीच्या उशाशी. पुढे १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे मोठे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं आणि डुबॉइसनी उत्तरही दिलं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये १९६६ साली काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारा ब्लॅक पँथर पक्ष निघाला, सहा वर्षांत मुंबईत दलित पँथर. आमचे फुले, आमचे आंबेडकर, आमचे पँथर. हे 'आमचे' मी महाराष्ट्राच्या अर्थाने म्हणत होते. शाळेत भाषण करताना म्हणतात तसं. ऐकणाऱ्यांनी तो शब्द त्यांच्या अर्थाने घेतला, आणि त्यांच्या जागी दुसरा अर्थ असूच शकत नव्हता.

हे मला कधी कळलं? लगेच कळलं. युनियनची अध्यक्ष असलेली मुलगी जिन्यात भेटली आणि म्हणाली, "तू तुझ्या लोकांबद्दल बोललीस ते फार आवडलं." मी थँक्यू म्हटलं. इथे माझ्यातली जुनी मी अजून वाद घालते. जिन्यात, घाईत, तुझ्या घराण्याची कुंडली मांडायची होती का? तू खोटं एक अक्षर बोलली नव्हतीस. बरोबर आहे, बोलले नव्हते. पण पुण्यात कुणी मला चुकून दलित समजलं असतं तर मी दोन मिनिटांत, अगदी गोडीत, माझं आडनाव बोलण्यात आणलं असतं. तिथे आणलं नाही, कारण तिथे तो गैरसमज मानाचा होता.

१७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या, आंबेडकरी विद्यार्थी संघटनेतल्या रोहित वेमुलाने आत्महत्या केली. त्याला आणि त्याच्या चार मित्रांना वसतिगृहातून काढलं होतं. त्यांनी विद्यापीठाच्या आवारातच उघड्यावर मुक्काम ठोकला होता आणि त्या जागेला वेलिवाडा, म्हणजे गावाबाहेरचा दलितवाडा, असं नाव दिलं होतं. फेब्रुवारी हा तिकडे काळ्यांच्या इतिहासाचा महिना. अध्यक्षांनी विचारलं, एका बुधवारी तू बोलशील? मी हो म्हटलं. रात्र जागून तयारी केली. कार्डावर पहिली ओळ लिहिली होती: मी स्वतः दलित नाही, मी ब्राह्मण घरातली आहे. पेन्सिलने लिहिली होती, शब्द दोनदा बदलले होते.

अध्यक्षांनी ओळख करून दिली. "हिच्या लोकांनी आपल्या पँथर्सवरून नाव घेतलं, आणि आज हिच्या लोकांवर जे चाललंय ते ती सांगेल." सगळे वळून बघायला लागले. मी उभी राहिले आणि दुसऱ्या ओळीपासून सुरुवात केली.

वीस मिनिटं बोलले. चांगलं बोलले, हेही लिहिते, कारण तोच तर सल आहे. वेलिवाड्याबद्दल सांगताना आवाज भरून आला, तो खराच भरून आला होता. चुटक्या थांबत नव्हत्या. शेवटी दोन मुली येऊन मिठी मारून गेल्या. एक म्हणाली, "हे उघड बोलायला धैर्य लागतं." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. काही म्हणाले नाही.

बाहेर पॅसेजमध्ये कोटांच्या खुंट्यांजवळ एक मुलगा उभा होता. भारतीय. त्याला मी वाणसामानाला जाणाऱ्या बसमध्ये दोन-चारदा पाहिलं होतं. आमच्या दिवाळीला तो येत नसे. त्याचं गाव, विषय, काहीच इथे लिहिणार नाही. खोलीच्या मागच्या दाराशी तो शेवटपर्यंत उभा होता हे मला दिसलंच नव्हतं.

"ताई, तुम्ही मराठी ना?"

म्हटलं, हो. पुण्याची. मूळचे साताऱ्याचे.

"आडनाव काय तुमचं?"

मी सांगितलं. ते कळलं की पुढे काही विचारावं लागत नाही, असं आहे. हा प्रश्न आपल्याकडे कोण कुणाला विचारतं आणि कशासाठी, हे तुम्हाला सांगायला नको. मला आयुष्यात तो पहिल्यांदाच असा विचारला जात होता.

तो थोडा वेळ हातमोज्याची बोटं सरळ करत राहिला. मग म्हणाला, "नाही, चांगलं बोललात तुम्ही. माहिती सगळी बरोबर होती." आणि मग, "मला वाटलं इथं आपलं कुणीतरी आहे. दीड वर्ष झालं मला. रूमवर कुणालाच सांगितलेलं नाही मी."

मी "अरे, ऐक ना" म्हटलं. त्याने मान हलवली, रागाने नाही, आणि जिना उतरून बर्फात गेला.

दीड वर्ष तो जे चार भारतीय रूममेट्सपासून लपवून राहत होता, ते मी वीस मिनिटं मिरवून घेतलं होतं. यावर माझ्याकडे बचाव नाही. बाकी सगळ्यावर आहे.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना गाठून सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांना तू सांगायचंस. मी नाही सांगणार." पुढच्या बुधवारी सूचनांच्या वेळी, शनिवारची गाडी आणि अभ्यासरात्र यांच्या मधे, मी उठून चार वाक्यांत सांगितलं. चुटकी एकही वाजली नाही. कुणी ओरडलंही नाही. मागून एकाने विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे गोरे म्हणजे तू?" मी म्हटलं, अगदी तसं नसतं, पण या प्रश्नापुरतं हो. अध्यक्ष म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस. पुढचा विषय." आणि पुढचा विषय सुरू झाला.

काढलं म्हणतात ते हे. त्यानंतर दोनदा गेले आणि मग जाईनाशी झाले. शनिवारी गाडी मात्र मे महिन्यापर्यंत नेली. मागच्या सीटवर तिघं पेंगत असायचे, येताना गाडीभर केसांच्या तेलाचा वास.

काकांना मात्र एक ऐकवायचंय. काका, तुम्ही ज्या कायद्याने अमेरिकेत गेलात तो १९६५ चा. त्याआधी भारतीयांसाठी वर्षाला १०० जणांचा कोटा होता. ते दार उघडलं कारण त्याच वर्षांत काळे लोक रस्त्यावर मार खात होते आणि वंशावरून माणसं मोजणारे कायदे सरकारला लाज वाटावी असे झाले होते. "ते आपल्याला आपलं मानत नाहीत" हे तुम्ही म्हणू नका. निदान माझा दाखला देऊन म्हणू नका.

आणि माझ्या पुरोगामी मैत्रिणी म्हणतात, तू बोलली नसतीस तर त्या चाळीस जणांना रोहितचं नाव तरी कळलं असतं का? तो मुलगा काही उभा राहून बोलणार नव्हता. याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. कधी वाटतं बरोबर आहे. कधी वाटतं, तो बोलणार नव्हता यात माझ्यासारख्यांचा हात किती, हे आधी मोजावं. हा लेख लिहितानाही मी त्याला पुन्हा वापरतेच आहे, हेही कळतंय.

मे महिन्यात तो एकदा बसमध्ये भेटला. त्याच्या मांडीवर तांदळाची पिशवी होती. मी शेजारी बसले. त्याने विचारलं, उन्हाळ्यात घरी जाणार का. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मी पण नाही. माझा स्टॉप आधी आला.

आई, तेव्हा फोनवर तू विचारलं होतंस, का गं बंद केलंस जाणं? मी म्हटलं होतं, अभ्यास वाढलाय. तू म्हणालीस, बरं झालं, नसती उठाठेव होती ती. मी त्यावरही हो म्हटलं होतं.