पुणे ते नागपूर: अंतर कोठून मोजायचे?

पुण्याहून नागपूर किती दूर आहे, या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे मिळतात आणि ती सगळी बरोबर असतात. अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर मार्गे मोटारीने गेल्यास सातशे किलोमीटरहून अधिक रस्ता कापावा लागतो. रेल्वे आधी दौंडला, तेथून मनमाडला आणि मग भुसावळ-बडनेरामार्गे नागपूरला जाते. हा वळसा ८९० किलोमीटरच्या आसपास भरतो.

हवाई अंतर मात्र घरबसल्या कागदावर काढता येते. लोहगावचा विमानतळ १८.५८ अंश उत्तर अक्षांशावर व ७३.९२ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर नागपूरचा २१.०९ व ७९.०५ वर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जाताना आखडत जातो आणि आपल्याकडे, विसाव्या अक्षांशाजवळ, तो साधारण १०४.६ किलोमीटर उरतो. दोन्ही फरकांचे किलोमीटर करून पायथागोरसचा सिद्धांत लावला की सुमारे ६०५ किलोमीटर येतात. लंडनसारख्या दूरच्या शहरासाठी हे चालणार नाही. तेथे पृथ्वीची गोलाई धरूनच हिशेब करावा लागतो.

हे अंतर दोन विमानतळांमधले झाले, शहरांमधले नव्हे. पुण्यात जीपीओबाहेरचा (मुख्य टपाल कार्यालयाबाहेरचा) झिरो स्टोन आणि नागपुरातला झिरो माइल, म्हणजे अंतरे मोजण्यासाठी रोवलेले शून्य-खुणेचे दगड, यांच्यातील सरळ अंतर सुमारे ६१८ किलोमीटर आहे. लोहगाव पुण्याच्या ईशान्येला आणि नागपूरचा विमानतळ त्या शहराच्या नैऋत्येला असल्याने, दोन्ही विमानतळ एकमेकांकडे थोडे सरकलेले आहेत, एवढेच त्याचे कारण.

आता वेळ. ताशी ८०० किलोमीटर वेगाने ६०५ किलोमीटरला पाऊण तास पुरावा, पण वेळापत्रकात सव्वा ते दीड तास दिलेला असतो. अंतराला वेगाने भागून उड्डाणाची वेळ सांगणारी संकेतस्थळे म्हणूनच जवळच्या प्रवासासाठी मला निरुपयोगी वाटतात. वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतची असते. तिला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंतची संथ वाटचाल, परवानगीची प्रतीक्षा (लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ आहे), धावपट्टीच्या दिशेनुसार घ्यावा लागणारा फेरा, हे सारे तीत धरलेले असते. शिवाय दहा हजार फुटांखाली विमानाला सर्वसाधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटर, ही वेगमर्यादा पाळावी लागते, आणि एवढ्या छोट्या प्रवासात चढण्या-उतरण्यातच बराच वेळ जातो.

वाऱ्याचाही वाटा असतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून वारे वाहतात. ताशी ६० किलोमीटरचा वारा पूर्ण पाठीशी किंवा पूर्ण समोरून धरला, तर ६०५ किलोमीटरला जाताना सुमारे ४२ आणि येताना ४९ मिनिटे लागतील.

विमानाचा खरा वेग वेळापत्रकातून काढायचा असेल, तर दोन मार्गांची वजाबाकी करावी. पुणे-दिल्ली हवाई अंतर सुमारे ११५५ किलोमीटर, म्हणजे नागपूरच्या जवळजवळ दुप्पट. वेळ मात्र दुप्पट होत नाही, साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनीच वाढते. दोन्हीकडचा जमिनीवरचा आणि चढण्या-उतरण्याचा वेळ वजाबाकीत बहुतांशी निघून जातो, आणि उरलेल्या ५५० किलोमीटरला तेवढ्या मिनिटांनी भागले की ताशी साडेसातशे-आठशे किलोमीटरचा वेग हाती लागतो.