तुम्ही विचारलंत म्हणून : गोवा सोडून विशाखापट्टणमच का?

"गोवा आहे, कोकण तर आपल्याच राज्यात आहे, मग तुम्ही दोघे थेट विशाखापट्टणमला कशाला गेलात?" हा प्रश्न नांदेडमध्ये मला इतक्या जणींनी विचारला आहे, की भाजी मंडईत कुणी थांबवले तरी उत्तर तयार असते, फक्त ते पिशवी हातात धरून उभ्या उभ्या सांगण्याइतके लहान नाही. म्हणून एकदाचे सविस्तर लिहिते.

अंतर नकाशावर मोजायचे की गाडीतल्या झोपेवर, हा माझा पहिला मुद्दा आहे. नांदेडहून रत्नागिरीला किंवा पणजीला जायचे म्हणजे सोलापूर, कोल्हापूर करत, बस नाही तर गाडी बदलत, शेवटी घाट उतरायचा; आणि रात्रभर बसून केलेला प्रवास आमच्या वयाच्या कमरांना आता मानवत नाही. विशाखापट्टणमची गाडी मात्र आमच्याच हुजूर साहिब नांदेड स्थानकातून सुटते. ती रोज नसते आणि अंतर हजार किलोमीटरच्या घरात जाते, हे खरे. पण ते आडवे पडून, चादर ओढून काटायचे असते. मुंबई-पुण्याहून पाहणाऱ्याला मराठवाडा महाराष्ट्राचे एक टोक वाटते. आम्ही १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतो, आमचे रूळ निजामाच्या काळापासून सिकंदराबादकडे धावतात आणि आजही नांदेड विभाग सिकंदराबादला मुख्यालय असलेल्या दक्षिण मध्य रेल्वेतच मोडतो. तेव्हा आम्हाला समुद्र गाठायचा तर पूर्वेचाच सोपा पडतो, हे सांगितले की माणसे आधी हसतात आणि मग वेळापत्रक विचारतात.

दुसरे कारण गोदावरी. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. त्र्यंबकेश्वरला उगम, लांबी १,४६५ किलोमीटर, पैठण, नांदेड, राजमहेंद्री, शेवटी बंगालचा उपसागर, हे फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही; पण नांदेडच्या घाटावरून पुढे ही नदी काय होते, ते डोळ्यांनी पाहिले नव्हते. विशाखापट्टणम काही गोदावरीच्या मुखाशी नाही. मुख त्याच्या बरेच दक्षिणेला आहे. मात्र तिकडे जाणारी गाडी गोदावरी दोनदा ओलांडते. पहिल्यांदा बासरजवळ, जिथे नदी अजून आपल्या ओळखीची असते, आणि दुसऱ्यांदा राजमहेंद्रीला.

राजमहेंद्रीचा पूल येण्याआधीच डब्यात हालचाल सुरू झाली. वरच्या बर्थवरची एक म्हातारी खाली उतरली, तिने कमरेच्या चंचीतून नाणे काढून मुठीत धरले आणि खिडकीजवळची जागा आमच्या ह्यांच्याकडे मागून घेतली. मग पूल लागला आणि संपेचना. हा पूल सुमारे पावणेतीन किलोमीटर लांब आहे. गाडी वेग कमी करून चालली होती, खाली पाणी, मध्ये वाळूची बेटे, पुन्हा पाणी, आणि शेजारी १९०० साली सुरू होऊन १९९७ मध्ये निवृत्त झालेला जुना हॅवलॉक पूल दगडी खांबांवर उभा. म्हातारीने नाणे टाकून हात जोडले. ह्यांनीही खिसे चाचपले, पण सुटे पैसे रात्रीच्या चहाला गेले होते. "एवढे पाणी आपल्याकडून येते?" असे त्यांनी मला विचारले, तेव्हा माझ्यातली बाई जागी झाली आणि मी खरे ते सांगितले: आपल्याकडून फार थोडे. पैठणचा नाथसागर आणि आमचे विष्णुपुरी ही धरणे जे अडवायचे ते अडवून घेतात, आणि उन्हाळ्यात नांदेडला पात्र कसे दिसते ते आपण पाहतोच. राजमहेंद्रीला दिसणारी गोदावरी ही मुख्यतः प्राणहिता, इंद्रावती आणि शबरी यांनी भरलेली आहे. नाव आपले, पाणी त्यांचे. तरीही खिडकीतून पाहताना ऊर भरून यायचा तो आलाच, त्याला भूगोल आडवा आला नाही.

आता शहराविषयी. विशाखापट्टणम हे मुळात बंदराचे आणि नौदलाचे शहर आहे, देखाव्याचे नंतर. समुद्रात घुसलेला डॉल्फिन्स नोज नावाचा डोंगर बंदराला आडोसा देतो. आतले बंदर १९३३ मध्ये सुरू झाले. भारतीय नौदलाच्या पूर्व विभागाचे मुख्यालयही इथेच आहे. त्यामुळे किनाऱ्यावर उभे राहिले की क्षितिजावर नांगर टाकून थांबलेली मालवाहू जहाजे ओळीने दिसतात. ज्यांना निर्मनुष्य किनारा आणि माडांची रांग हवी आहे, त्यांनी खुशाल कोकणातच जावे, असे मी स्पष्ट सांगते. मला मात्र ती जहाजे आवडली, कारण समुद्राला काम असते हे त्यांच्यामुळे कळते.

रामकृष्ण बीचवर, म्हणजे तिथल्या भाषेत आर. के. बीचवर, सकाळी काही वेळ रस्ता वाहनांना बंद असतो आणि सगळे शहर चालायला बाहेर पडते. कोकणात सूर्य समुद्रात बुडताना पाहण्याची आपल्याला सवय. इथे तो समुद्रातून वर येतो, आणि तोही नांदेडपेक्षा वीस-पंचवीस मिनिटे आधी, कारण आपण सुमारे सहा रेखांश पूर्वेला सरकलेलो असतो. घड्याळ तेच आणि उजाडणे लवकर, याची ह्यांना इतकी मौज वाटली, की घरी मुलाला पहिला फोन त्यांनी याच बातमीसाठी केला. पोहायचा मोह मात्र या किनाऱ्यावर धरू नये. लाटा खाली ओढतात आणि तसे फलकही लावलेले आहेत. पाय भिजवायचे असतील तर ऋषिकोंडाचा किनारा बरा.

त्याच रस्त्यावर कुरसुरा ही पाणबुडी वाळूवर आणून ठेवलेली आहे. सोव्हिएत बनावटीची ही पाणबुडी १९६९ मध्ये नौदलात आली, १९७१ च्या युद्धात तिने गस्त घातली, २००१ मध्ये ती निवृत्त झाली आणि पुढच्या वर्षी तिचे संग्रहालय झाले. बाहेरून ९१ मीटर लांबीची ही वस्तू प्रचंड वाटते. आत शिरले की श्वास आवरता घ्यावा असे वाटते. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल भोक आहे, त्यात आधी एक पाय, मग डोके, मग उरलेला देह अशा क्रमाने जावे लागते. टॉर्पेडोंच्या शेजारीच झोपायच्या फळ्या, हाताच्या अंतरावर नळ्या, चाव्या, तबकड्या. सत्तरहून अधिक माणसे यात आठवडेच्या आठवडे राहत, आणि अंघोळीची चैन जवळजवळ नाहीच. आम्हाला माहिती देणारे गृहस्थ स्वतः नौदलातून निवृत्त झालेले होते. त्यांची हिंदी आंध्री वळणाची होती, पण स्वयंपाकघर दाखवताना ते थांबले आणि मला उद्देशून म्हणाले, "अम्मा, इधर पचहत्तर आदमी का खाना बनता था." ती जागा आमच्या देवघराएवढी असेल. पलीकडेच तु-१४२ हे गस्तीचे विमानही संग्रहालय करून ठेवले आहे. ते पाहावे, पण वेळ कमी असेल तर पाणबुडीला प्राधान्य द्यावे.

सिंहाचलमला जाणे आमच्यासाठी ठरलेलेच होते, कारण सासरचे कुलदैवत परभणी जिल्ह्यातल्या पोखर्णीचा नृसिंह. सिंहाचलमचा वराह-नृसिंह वर्षभर चंदनाच्या लेपाखाली झाकलेला असतो आणि फक्त अक्षय तृतीयेला त्याचे मूळ रूप दिसते. आम्हाला अर्थातच चंदनच दिसले, आणि लांब रांगही.

ज्या ठिकाणाविषयी मला कुणीच आधी सांगितले नव्हते, ते म्हणजे भीमुनिपट्टणमच्या रस्त्यावरचे तोटलकोंडा. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या टेकडीवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध विहाराचे अवशेष आहेत: स्तूपाचे गोल जोते, भिक्षूंच्या खोल्यांचे पाये, खडकात खोदलेली पाण्याची टाकी. इथल्या उत्खननात रोमन चांदीची नाणी सापडली आणि सातवाहनांची शिशाची नाणीही. सातवाहन म्हणजे आमचे पैठणचे! फलकावरचे ते नाव वाचून मी ह्यांना हाक मारून परत बोलावले. पैठणला गोदावरीच्या काठी ज्यांची राजधानी होती, त्यांचे नाणे पूर्व किनाऱ्यावरच्या या टेकडीवर चालत होते, आणि आज आपल्याला विचारले जाते की तुम्ही इकडे कशाला गेलात. सहलीच्या बसगाड्या इथे सहसा थांबत नाहीत. तिथे आमच्याखेरीज एक रखवालदार आणि परीक्षेचा अभ्यास करणारी दोन मुले होती.

आता अरकूविषयी, कारण पुढचा प्रश्न नेहमी तोच असतो. शहरापासून सुमारे ११५ किलोमीटरवर, पूर्व घाटात, समुद्रसपाटीपासून ९०० मीटरच्या आसपास उंचीवर हे खोरे आहे. तिथे रस्त्यानेही जाता येते, पण सकाळची किरंदुलची रेल्वेच धरावी. छत्तीसगडातल्या बैलाडिलाचे लोहखनिज बंदरावर आणून जपानला पाठवता यावे म्हणून १९६० च्या दशकात हा मार्ग डोंगर पोखरून बांधला गेला. आपण वर चढत असतो आणि समोरून तांबड्या धुळीने माखलेली मालगाडी खाली उतरत असते. बोगदे पन्नासहून अधिक आहेत. प्रत्येक बोगद्यात डब्यातली पोरे किंचाळतात, पहिल्या दहा बोगद्यांपर्यंत ते गोड वाटते.

वाटेत बोर्रा गुहांसाठी उतरता येते. आम्ही मराठवाड्याची माणसे लेण्यांच्या बाबतीत थोडी गर्विष्ठ असतो, वेरूळ-अजिंठा दाराशी असल्यावर असणारच. पण ती माणसांनी छिन्नीने काळ्या बेसाल्टमध्ये कोरलेली, आणि ही पाण्याने चुनखडीत. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन झिरपते, चुनखडी विरघळवते आणि थेंब टपकताना तिचा कणभर थर मागे ठेवते. छतावरून लोलक खाली येतात, जमिनीवरून खांब वर चढतात आणि लाखो वर्षांत कुठे कुठे ते एकमेकांना भेटतात. हे सगळे वर्गात शिकवलेले होते, पण एका लोलकाच्या टोकाशी थांबलेला थेंब मी बराच वेळ पाहत राहिले आणि तो काही पडेना. मागून लोकांनी पुढे चला म्हटले. तक्रार एकच: आतमध्ये हिरवे, जांभळे, गुलाबी दिवे लावले आहेत. जिथे निसर्गाने एवढे काम केले, तिथे लग्नाच्या मांडवाची रोषणाई कशाला, हे मला समजले नाही. साधा पांढरा प्रकाश असता, तर दगडाचा स्वतःचा रंग दिसला असता.

अरकूला आम्ही मुक्काम केला आणि सगळ्यांना तेच सुचवते. एका दिवसात जाऊन येण्याच्या सहली विकल्या जातात. त्यात संग्रहालय, कॉफीचे दुकान आणि जेवण यांच्यामध्ये खोरे पाहायचे राहून जाते. तिथली कॉफी आदिवासी शेतकरी मोठ्या झाडांच्या सावलीत पिकवतात, त्याच झाडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात, आणि अरकूच्या अरेबिका कॉफीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ह्यांनी कॉफी पिऊन "चांगली आहे" असे म्हटले आणि लगेच चहाची चौकशी केली. बांबूच्या नळीत मसाला लावलेले कोंबडीचे मांस भरून, तेलाशिवाय निखाऱ्यांवर भाजतात, ते मात्र त्यांनी दोनदा मागवले. मी शाकाहारी, मला भाताबरोबर गोंगुऱ्याची चटणी मिळाली, म्हणजे आपली अंबाडीच, फक्त तिखटाला त्यांच्याकडे मर्यादा नाही.

खोऱ्यात हिवाळ्याच्या सुरुवातीला पिवळ्या फुलांची शेते पसरलेली असतात आणि पर्यटक त्यांत उभे राहून फोटो काढतात. शेताचा मालक बांधावर बसून माणशी दहा-वीस रुपये घेतो. जवळ जाऊन पाने पाहिली तर ते कारळे निघाले, ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो. मी माहेरची तेलंगणाच्या सीमेजवळच्या देगलूरची, तेलुगू मला बऱ्यापैकी समजते, तेव्हा मी त्या मालकाला सांगितले की आमच्याकडे याचे पैसे फक्त दाण्यांचे मिळतात. तो हसला, पण आमचे वीस रुपये त्याने सोडले नाहीत.

ज्यांनी आता खरोखरच जायचे ठरवले आहे त्यांच्यासाठी: नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारी हा काळ उत्तम, कारण त्याआधी या किनाऱ्यावर वादळांची भीती असते. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद चक्रीवादळ याच शहरावर येऊन आदळले होते. उन्हाळ्यात अजिबात जाऊ नये. आपला उकाडा कोरडा असतो, तिथला अंगाला चिकटतो. तेलुगू येत नसली तरी शहरात हिंदीवर निभावते. गुडघे दुखत असतील, तर बोर्राच्या पायऱ्या अर्ध्यातून परत फिरण्यात कमीपणा मानू नये आणि कुरसुरेत जाण्याआधी पोट रिकामे ठेवावे. नांदेडच्या गाडीचे आरक्षण मात्र लवकर करावे, कारण सिकंदराबादला ती गच्च भरते आणि खालचे बर्थ आधी संपतात.