आप्पिया मार्गावरील रक्तसाक्षींच्या कबरी: पायी जाणाऱ्यांना इशारा

रोमच्या आप्पिया मार्गावरील कॅटॅकोम, म्हणजे श्रद्धेपायी मारल्या गेलेल्या ख्रिस्ती रक्तसाक्षींच्या कबरी असलेल्या जमिनीखालच्या बोगद्यांच्या दफनभूमी, पाहायला पोर्ता सान सेबास्तियानो या वेशीतून पायी निघू नये, हे मी सर्वांत आधी सांगतो, कारण आम्हाला नेमका उलट सल्ला मिळाला होता. ‘प्राचीन रस्ता आहे, रमतगमत जा,’ असे मुक्कामाच्या ठिकाणी सांगण्यात आले. प्रत्यक्षात वेशीपासून ‘दोमिने क्वो वादिस’ या छोट्या चर्चपर्यंतचा जवळपास एक किलोमीटरचा पट्टा दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींमध्ये आवळलेला आहे, पदपथ बहुतांशी नाहीच, आणि मोटारी अंगावर आल्यासारख्या शेजारून जातात. समोरून बस आली की पोटात श्वास ओढून भिंतीला पाठ लावायची आणि ती गेली की पुढची दहा-वीस पावले टाकायची, असा तो प्रवास होता. या पट्ट्यात पाहण्यासारखे काहीही नाही. ११८ क्रमांकाची बस शहरातून थेट कॅटॅकोमपर्यंत जाते. ती वारंवार नसते, पण वाट पाहणे परवडते. ज्यांना चालायचेच आहे त्यांनी त्या चर्चपर्यंत बसने यावे आणि तेथून दुफाट्यावरील फाटकातून सान कालिस्तो या कॅटॅकोमच्या आवारातील रस्ता धरावा. त्यावर वाहनांचा त्रास नाही आणि तो थेट कबरींकडे नेतो. मात्र फाटक उघडे असल्याची खात्री आधी करावी.

एवढे दूर का जावे लागते, याचे उत्तर या विषयाच्या मुळाशीच आहे. रोमच्या जुन्या कायद्याने नगराच्या हद्दीत प्रेत पुरण्यास मनाई होती, त्यामुळे रक्तसाक्षींच्या कबरीही वेशीबाहेरच्या रस्त्यांवरच आहेत, आणि त्यांचा सन्मानही तेथेच, कबरीपाशी, मृत्यूच्या तिथीला होत असे. इसवी सन ३५४ च्या एका रोमन पंचांगात अशी यादी आढळते: तारीख, नाव आणि दफनभूमी किंवा रस्ता, बस्स. आपल्याकडे संतांची पुण्यतिथी समाधीपाशी होते, तसाच हा प्रकार होता. यादीतील जवळजवळ सर्व जण रोमचेच आहेत. बाहेरच्या मोजक्या नावांत कार्थेजचे बिशप सिप्रियन येतात, आणि त्यांच्यापुढे ‘आफ्रिकेचे’ असे सांगून, रोममध्ये त्यांचा दिवस कालिस्तुसच्या दफनभूमीत (म्हणजे सान कालिस्तोत) पाळला जातो, अशी नोंद केलेली आहे. परक्या गावच्या रक्तसाक्षीलाही येथे मान मिळण्यासाठी एखादी स्थानिक जागा लागत होती, हे मला त्या कोरड्या यादीतून प्रथम उमगले.

पहिल्यांदा सान सेबास्तियानो या कॅटॅकोमला जावे, सान कालिस्तो प्रसिद्ध असले तरीही. येथे चर्चच्या जमिनीखाली तिसऱ्या शतकातील एक जेवणाची ओसरी सापडली असून तिच्या भिंतीच्या गिलाव्यावर पेत्र आणि पौल या प्रेषितांना उद्देशून भाविकांनी ओरखडलेले सहाशेहून अधिक मजकूर आहेत. ‘पौल आणि पेत्र, व्हिक्टरसाठी विनंती करा,’ असे एकाने लिहिले आहे; तोमियुस कोएलियुस नावाच्या दुसऱ्याने या दोघांच्या स्मरणार्थ आपण जेवण घातल्याची नोंद केली आहे. बिशपांनी बांधलेल्या भव्य वास्तूंपेक्षा ही वेडीवाकडी अक्षरे मला कितीतरी मोलाची वाटली, आणि रस्त्यावरचा सगळा राग तेथे विसरलो. वाटाड्या येथे फार वेळ थांबत नाही. गटाच्या शेवटी राहावे आणि येथे थांबण्याची विनंती आधीच करून ठेवावी. आत एकट्याने फिरता येत नाही आणि छायाचित्रे घेण्यास बंदी आहे.

छळाच्या काळात ख्रिस्ती लोक या बोगद्यांत लपून राहत असत, ही कथा यापैकी एका ठिकाणी आम्हाला रंगवून सांगण्यात आली. ती खोटी आहे. या सर्वांना ठाऊक असलेल्या दफनभूमी होत्या आणि येथे पुरणे, तिथी पाळणे चालत असे. खरी घटना वेगळी आहे: सम्राट व्हालेरियनने दफनभूमीतील ख्रिस्ती सभांवर बंदी घातली आणि ६ ऑगस्ट २५८ रोजी पोप सिक्स्तुस दुसरे यांना चार डीकनांसह (चर्चच्या साहाय्यक सेवकांसह) दफनभूमीतच ठार करण्यात आले. सान कालिस्तोतील पोपांच्या कक्षात त्यांची कबर होती. आज आपण तो कक्ष पाहतो तो मात्र पोप दामासुस (३६६–३८४) यांनी नटवलेला आहे; त्यांनी रक्तसाक्षींच्या कबरी शोधल्या, वाटा सोयीच्या केल्या आणि फिलोकालुस या सुलेखनकाराकडून सुरेख अक्षरांत आपली पद्ये संगमरवरावर कोरून घेतली. आपल्यालाही येथेच पुरले जावे असे वाटत होते, पण या पुण्यवंतांच्या अस्थींना धक्का लागेल याची भीती वाटली, असे ते एका पद्यात म्हणतात. आज या कबरी रिकाम्या आहेत: आठव्या-नवव्या शतकांत पोपांनी बहुतेक अस्थी शहरातील चर्चांमध्ये हलवल्या. अवशेषांपाशी प्रार्थना करायची असेल तर नोमेंताना मार्गावरील संत अ‍ॅग्नेसच्या चर्चला जावे; मेट्रोने सहज पोहोचता येते, त्याविषयी अधिक काही सांगण्यासारखे नाही.

वेळ कमी असेल तर कालिस्तो वगळावे, पण जवळचेच तिसरे कॅटॅकोम, दोमितिल्ला, वगळू नये. गर्दी कमी असते आणि चौथ्या शतकाच्या अखेरीचे नेरेयुस व आखिलेयुस या रक्तसाक्षींचे अर्धवट जमिनीत असलेले चर्च तेथे पाहायला मिळते. वेदीच्या छत्राच्या एका खांबावर आखिलेयुसच्या शिरच्छेदाचे छोटे शिल्प आहे. त्यामागे वेनेरांदा नावाच्या स्त्रीचे चित्र आहे, ज्यात रक्तसाक्षी पेत्रोनिल्ला तिला स्वर्गात नेत आहे. या स्त्रीने रक्तसाक्षीच्या शेजारची जागा मिळवली होती, आणि ती सहजासहजी मिळत नसावी.

बाहेर कितीही ऊन असले तरी आत बारमाही गारवा असतो, म्हणून अंगावर काही जाडसर हवे. या ठिकाणांच्या सुट्ट्या आणि वेळा सारख्या नसतात, आणि काही ठिकाणी दुपारी काही तास दारे बंद राहतात. निघण्यापूर्वी वेळा तपासल्या नाहीत तर दिवस वाया जाईल. परतताना आम्ही थकलेले पाहून एका टॅक्सीवाल्याने मीटर न टाकता ठरावीक रक्कम सांगितली, जी नंतर मीटरच्या भाड्याच्या जवळजवळ दुप्पट निघाली. मीटर चालू केल्याशिवाय बसू नये. दोमितिल्लापासून जवळच शहरातील सान जोव्हान्नी भागात जाणारी २१८ क्रमांकाची बस मिळते.